विकणाऱ्याच्या वहीत धूर का नाही?

ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया, कोलंबिया या देशांनी कोळशाची निर्यात टप्प्याटप्प्याने बंद करावी का, हा विषय वणी किंवा घुग्घुसच्या टपरीवर निघाला की उत्तरे ठरलेली असतात. एक म्हणतो, त्यांनी नाही विकला तर दुसरा कुणी विकेल, पृथ्वीला काय फरक पडतो? दुसरा म्हणतो, गोऱ्यांनी दोनशे वर्षे कोळसा जाळून घर भरले, आता आपली पाळी आली तर दुकानाचे शटर ओढतात. पर्यावरणवाल्यांच्या सभेत तिसरे उत्तर मिळते: उद्याच बंद करा. ही तिन्ही उत्तरे गेली काही वर्षे एकमेकांच्या अंगावर फेकली जात आहेत आणि वाद तसूभरही पुढे सरकलेला नाही. २०२३ च्या दुबई परिषदेत ऊर्जा व्यवस्थेतून जीवाश्म इंधनांपासून दूर जाण्याचे सगळ्या देशांनी मान्य केले, पण निर्यातीबद्दल त्या मजकुरात एक शब्द नाही. माझे म्हणणे असे आहे की निर्यातदार देशांनी विकण्याच्या कोळशाला शेवटचे वर्ष ठरवून दिले पाहिजे आणि तिथपर्यंत दरवर्षी ठरलेल्या प्रमाणात तो घटवला पाहिजे. हे विदर्भाच्या विरोधात नाही, हिताचे आहे. आणि हाच नियम आपल्या खाणींनाही लागू करण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे.

आधी हिशेबाची पद्धत पाहू, कारण खरी गोम तिथे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियमानुसार इंधन जिथे जळते त्या देशाच्या खात्यावर धूर चढतो. विकणाऱ्याच्या खात्यावर खोदकामाचे डिझेल आणि खाणीतून सुटणारा मिथेन एवढेच येते. वाहून नेणाऱ्या जहाजाचे इंधन तर कोणत्याच देशाच्या बेरजेत धरले जात नाही. ऑस्ट्रेलिया वर्षाला साधारण ३५ कोटी टन कोळसा बाहेर पाठवतो, वीजघरांचा आणि पोलादाचा मिळून. चांगल्या प्रतीचा टनभर कोळसा जळला की सुमारे २.४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे ८० कोटी टनांहून जास्त. त्या देशाचे स्वतःचे, घरचे उत्सर्जन याच्या जवळपास निम्मे आहे. नॉर्वेत २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ विजेवर चालणाऱ्या होत्या आणि त्याच वर्षी उत्तर समुद्रातले तेल आणि गॅस बाहेर जातच होते. दोन्ही देश आपापल्या वहीप्रमाणे खरे बोलतात. मग वहीच चुकीची आखलेली नाही का?

ही गोष्ट विदर्भाला कुणी समजावून सांगायची गरज नाही, कारण आपण याच वहीच्या उलट्या पानावर राहतो. चंद्रपूरहून पडघ्याला जाणारी उच्चदाब एकदिश वाहिनी सुमारे ७५० किलोमीटर लांबीची आणि १५०० मेगावॅटची आहे. ती पूर्ण भाराने एक दिवस चालली तर ३ कोटी ६० लाख युनिट पश्चिमेकडे जातात. आपला कोळसा किलोमागे ४००० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता देतो, त्याचे युनिटमागे साधारण ६०० ग्रॅम धरले तर दिवसाला जवळपास २२ हजार टन कोळसा लागतो, म्हणजे मालगाडीचे पाच-सहा रेक. त्यातून ३४ हजार टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो आणि राखेचे प्रमाण ३५ टक्के धरले तर साडेसात हजार टन राख मागे राहते. दिवा ठाणे-मुंबईत लागतो, राख इरई नदीच्या काठावर राहते. इथे धूर विकणाऱ्याच्या माथी, तिथे घेणाऱ्याच्या माथी. नियम कोणताही असो, धूर दुबळ्याच्याच खात्यावर चढतो. म्हणून 'धूर कुणाचा' या प्रश्नाचे उत्तर 'दोघांचा' असेच द्यावे लागते, आणि एकदा ते मान्य केले की विकणाऱ्यालाही कॅलेंडर लागू होते.

आता विरोधकांचा सगळ्यात जड मुद्दा. एकाने विकणे थांबवले की दुसरा ती जागा घेतो. याला पुरावा आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात आहे. ताडोबाजवळचा लोहारा कोळसा गट तिरोड्याच्या ३३०० मेगावॅटच्या वीज प्रकल्पासाठी दिला गेला होता. वाघांच्या अधिवासामुळे त्याला पर्यावरण परवानगी मिळाली नाही, लोकांनीही जोरदार विरोध केला होता. खाण झाली नाही, जंगल राहिले. पण तिरोड्याच्या चिमण्या उभ्या राहिल्याच, कोळसा दुसरीकडून आला आणि वाढीव खर्च कुणी सोसायचा हा वाद वीज नियामक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लोहारा वाचवणे बरोबरच होते, वाघाच्या दृष्टीने. हवामानाच्या दृष्टीने मात्र त्यातून किती धूर कमी झाला, हे प्रामाणिकपणे सांगायचे तर फारसा नाही. ही कबुली दिल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही.

पण एक गट अडवणे वेगळे आणि बाजारातला मोठा विक्रेता हळूहळू बाहेर पडणे वेगळे. हा फरक कापूस पिकवणाऱ्याला पोटातून कळतो. एप्रिल २०१० मध्ये आणि पुन्हा मार्च २०१२ मध्ये केंद्र सरकारने कापसाची निर्यात रोखली. 'भारताने नाही विकला तर दुसरा विकेल, फरक काय' असे तेव्हा यवतमाळच्या किंवा हिंगणघाटच्या बाजार समितीत कुणी म्हणाले असते तर त्याला उभे राहू दिले असते का? इथे भाव खाली आला, न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कापूस उसळला आणि २०१२ ची बंदी आठवडाभरात मागे घ्यायची वेळ आली. दुसऱ्याने जागा पूर्ण भरून काढली असती तर भाव हललाच नसता. भाव हलला याचा अर्थच असा की दुसऱ्या विक्रेत्याने काही जागा भरली, काही रिकामी राहिली, आणि जी रिकामी राहिली तेवढी खरेदी कमी झाली. दुसऱ्याकडचा माल महाग असतो, लांबचा असतो, खोल खाणीतला असतो. तसा नसता तर तो आधीच विकला गेला असता. बोंडाला लागू होणारा बाजाराचा कायदा कोळशाला लागू होत नाही, असे कोण म्हणेल?

वऱ्हाडाच्या इतिहासात याहून मोठा दाखला आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस जिथून येत होता तो स्रोत आटला. भाव तिपटी-चौपटीने वाढले. आपला कापूस मुंबई बंदरातून धो धो गेला, वऱ्हाडात पऱ्हाटीचे क्षेत्र वाढले, १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वे आली. म्हणजे पर्यायी विक्रेता मिळाला. तरीही गिरण्या बंद पडल्या आणि लाखो कामगारांवर मदतीच्या शिध्याची वेळ आली, कारण आपला आखूड धाग्याचा कापूस त्यांच्या लांब धाग्यासाठी जुळवलेल्या यंत्रांवर नीट चालत नव्हता. धागा तुटायचा, कचरा जास्त निघायचा. माल मिळणे आणि तो आपल्या यंत्रात चालणे या दोन गोष्टी आहेत.

बॉयलरचे तसेच आहे. भारतीय कोळशासाठी बांधलेल्या बॉयलरची भट्टी मोठी असते, कोळसा दळणाऱ्या गिरण्या जास्त असतात, राख पकडणारी यंत्रणा ३० ते ४० टक्के राखेच्या हिशेबाने बसवलेली असते. त्यात आयात कोळसा साधारण १० ते १५ टक्के मिसळता येतो. त्यापुढे भट्टीतली उष्णता बदलते, नळ्यांवर वितळलेल्या राखेचे थर चढतात. उलट, किनाऱ्यावरची मुंद्र्यासारखी वीजघरे कमी राखेच्या परदेशी कोळशावर बेतलेली आहेत. तिथे आपला कोळसा घातला तर गिरण्या पुरत नाहीत, राख उपसण्याची व्यवस्था तुंबते, वाळूसारखी राख नळ्या खरवडून काढते, नळ्या फुटतात आणि संच बंद पडतो. त्यामुळे 'ऑस्ट्रेलियाचा नाही तर वेकोलिचा' (म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या इथल्या सरकारी खाण कंपनीचा) ही अदलाबदल कागदावर जितकी सोपी दिसते तितकी ती भट्टीत होत नाही. मुद्दा असा की नव्या वीजघराची भट्टी कोणत्या कोळशासाठी बांधायची हे २५-३० वर्षांसाठी एकदाच ठरते. ते ठरवणाऱ्याला आजच कळले की बाहेरचा कोळसा अमुक वर्षी संपणार, तर तो किनाऱ्यावर अशी भट्टी बांधायला जाणार नाही. निर्यातबंदीच्या तारखेचा खरा परिणाम जहाजावर होण्याआधी या निर्णयावर होतो.

न्यायालयांनाही हे हळूहळू पटते आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समधल्या जमीन व पर्यावरण न्यायालयाने रॉकी हिल या खाणीला परवानगी नाकारताना 'आम्ही नाही तर दुसरा' हा बचाव मान्य केला नाही. जून २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तेल काढण्याची परवानगी देताना ते जळल्यावर होणारा धूरही पर्यावरण अहवालात मोजला पाहिजे. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या मतात जीवाश्म इंधनाचे उत्पादन, परवाने आणि अनुदान यांचाही देशांच्या जबाबदारीत समावेश केला. ते मत बंधनकारक नाही हे खरे, पण 'विकणाऱ्याचा काय संबंध' हे वाक्य आता पूर्वीइतक्या निर्धास्तपणे म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप गरिबीचा, आणि तो मला पहिल्यापेक्षा जास्त लागतो. पुरवठा घटला की कोळसा महागेल, वीज महागेल, आणि ज्याच्या पंपाला आजही रात्री वीज मिळते त्याच्या बिलावर भार येईल. आकडे बघू. किलोमागे ६००० किलोकॅलरीचा परदेशी कोळसा युनिटमागे ३८०-३९० ग्रॅम लागतो. वीजघराच्या दारात तो टनाला १० हजार रुपयांना पडला तर नुसते इंधन युनिटला ३ रुपये ८० पैसे. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल बंदरातल्या कोळशाचा भाव टनाला ४०० डॉलरच्या वर गेला, तेव्हा हाच हिशेब युनिटला १२ रुपयांपुढे गेला. महावितरणच्या बिलावर 'इंधन समायोजन आकार' म्हणून जो रकाना असतो, त्यात असे धक्के पोचतात. म्हणजे महागाईची भीती खरी आहे. पण ती आज, निर्यात खुली असतानाही आहे. २०२२ चा भाव कुठल्या पर्यावरण कराराने वाढवला नव्हता. दुसऱ्या बाजूला कृषी वाहिन्यांसाठीच्या सौर प्रकल्पांची वीज राज्यात साधारण ३ रुपये युनिटने मिळते आहे, तीही दिवसा, म्हणजे तुरीला पाणी देण्यासाठी रात्री विंचूकाट्यातून वावरात जाण्याची पाळी येत नाही. संध्याकाळी सातनंतरच्या विजेचा प्रश्न सौरने एकट्याने सुटत नाही, त्याला बॅटरी, पाणी चढवून साठवणारे प्रकल्प आणि काही काळ कोळसाही लागेल. म्हणून मी 'उद्या बंद' म्हणत नाही.

'उद्या बंद' काय करते हे इंडोनेशियाने दाखवले आहे. घरच्या वीजघरांना कोळसा पुरेना म्हणून त्या सरकारने ३१ डिसेंबर २०२१ ला जाहीर केले आणि १ जानेवारीपासून निर्यात थांबवली. भरलेली जहाजे बंदरात अडकली, आशियात भाव चढले आणि काही आठवड्यांत निर्यात पुन्हा सुरू झाली. धूर कमी झाला नाही, गोंधळ मात्र झाला. दुसरा प्रकार कोलंबियाच्या सेसार प्रांतात घडला. २०२० मध्ये भाव पडल्यावर एका मोठ्या परदेशी मालकीच्या कंपनीने खाणी थांबवल्या आणि पुढच्या वर्षी पट्टेच सरकारला परत केले. गावांचे उत्पन्न खाणीच्या रॉयल्टीवर होते, मजुरांना दुसरे काम नव्हते, आणि तयारीला वेळही मिळाला नाही. लक्षात घ्या, ही बंदी हवामानासाठी नव्हती, बाजाराने केली होती. कोळशाचा शेवट बाजाराच्या हाती सोपवला की तो असा येतो. अमेरिकेचा कापूस परतल्यावर वऱ्हाडाने हेच भोगले, भाव कोसळला आणि कर्ज मागे राहिले.

याउलट जर्मनीने २००७ मध्ये कायदा करून दगडी कोळशाच्या खाणींना २०१८ ही तारीख दिली. अकरा वर्षांत भरती थांबली, वय झालेल्यांना लवकर निवृत्ती मिळाली, इतरांना दुसरीकडे काम मिळाले. डिसेंबर २०१८ मध्ये बोट्रोपची शेवटची खाण बंद झाली. बंद खाणीतले पाणी पिढ्यान् पिढ्या उपसत राहावे लागते, नाहीतर ते वर चढून जमिनीखालचे गोडे पाणी नासवते. त्या खर्चासाठी वेगळा न्यास आधीच उभा केला होता. पैसा भरपूर असलेला देश म्हणून हे जमले, असे कुणी म्हणेल. पैसा लागलाच, पण त्याहून जास्त उपयोगी पडली ती ठरलेली तारीख.

तारखेनुसार निर्यात बंद करण्याचा सगळ्यात जवळचा दाखला आपल्याच देशातून गेलेल्या मालाचा आहे. एकोणिसाव्या शतकात भारतातली अफू चीनला जायची आणि ब्रिटिश सरकारचा खजिना त्यावर भरायचा. बंदीची मागणी झाली तेव्हा उत्तरे आजचीच होती. महसूल बुडेल, शेतकरी बुडेल, आणि चिनी माणूस दुसरीकडून घेईल किंवा स्वतः पिकवेल. १८९३ मध्ये नेमलेल्या शाही आयोगानेही दोन वर्षांनी व्यापार चालू ठेवण्याकडेच कल दिला. तरीही १९०७ मध्ये करार झाला. भारताने निर्यात दरवर्षी एक दशांशाने कमी करायची, चीनने आपली लागवड त्याच चालीने घटवायची, तीन वर्षांनी दोघांनी तपासायचे आणि दहा वर्षांत शून्यावर यायचे. तपासणीत चीनने शब्द पाळल्याचे दिसले, १९११ मध्ये करार पुढे गेला आणि १९१३ मध्येच, मुदतीच्या आधी, विक्री थांबली. पुढे १९१६ नंतर चीनमध्ये लष्करी सरदारांचे राज्य आले आणि त्यांनी अफूची लागवड पुन्हा वाढवली, हेही सांगितले पाहिजे. विकणारा आणि घेणारा दोघे बांधलेले होते तोवर करार चालला, घेणाऱ्याची बाजू सुटली तसा तो विस्कटला. म्हणून कोळशाचा करारही ऑस्ट्रेलियाने भारताकडे न पाहता करायचा नाही. भारत दरवर्षी किती आयात घटवणार, तेवढीच निर्यात घटणार, आणि तीन वर्षांनी दोन्ही वह्या उघडायच्या.

क्रम कसा असावा? वीजघरांचा कोळसा आधी, पोलादाचा नंतर, कारण कमी राखेचा कोकिंग कोळसा आपल्याकडे थोडा आहे आणि त्याशिवाय लोखंड वितळवण्याच्या पद्धती अजून महाग आहेत. श्रीमंत विक्रेते आधी. त्यांना वाट नॉर्वेने दाखवली आहे: तिथे १९९० मध्ये तेलाचा पैसा वेगळ्या निधीत ठेवण्याचा कायदा झाला, म्हणून त्या देशाला 'आम्ही काय खाऊ' असे म्हणता येणार नाही. इंडोनेशिया, कोलंबिया यांना जास्त वर्षे आणि बाहेरून मदत मिळावी. तेल आणि गॅसचे कोडे वेगळे आहे, ते याच दोरीला बांधू नये.

उरला प्रश्न आपला. २०२४-२५ मध्ये देशाचे कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या वर गेले, आयात २४ कोटी टनांच्या आसपास होती, आणि आता आपल्याकडेही निर्यातीची भाषा ऐकू येते. आयात घटली की वेकोलिवर उत्पादनाचा दाब वाढेल, हा धोका खरा आहे. इथल्या खुल्या खाणींत टनभर कोळशासाठी साधारण पाच घनमीटर माती-दगड हलवावा लागतो. आणखी कोळसा म्हणजे वर्धा आणि इरईच्या काठावर आणखी मातीचे डोंगर. ऑस्ट्रेलियाची खाण बंद करून उमरेडची दुप्पट करणे याला मी जिंकणे म्हणणार नाही. म्हणून आयात घटवण्याच्या वेळापत्रकाबरोबर इथल्या प्रत्येक खाणीचे शेवटचे वर्षही जाहीर झाले पाहिजे.

पैसा कुठून? टनाला २००० रुपये भाव धरला तर १४ टक्क्यांनी रॉयल्टी २८० रुपये, आणि जुन्या पट्ट्यांवर तिच्या ३० टक्के, म्हणजे ८४ रुपये, खाणबाधित गावांसाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे येतात. हा पैसा रस्ते, सभागृहे, पेव्हर ब्लॉक यात मुरतो. २०१० मध्ये कोळशावर स्वच्छ ऊर्जेच्या नावाने टनामागे ५० रुपयांचा उपकर सुरू झाला, तो ४०० रुपयांपर्यंत गेला, २०१७ पासून जीएसटीची भरपाई म्हणून वळवला गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये संपला. ज्या गावांतून हा कोळसा निघाला त्यांच्या उद्यासाठी त्यातून वेगळा निधी राहिला नाही. नॉर्वेच्या निधीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे ८४ रुपये आधी कुलपात ठेवायला सांगावे.

मग पुढच्या खाणविस्ताराच्या जनसुनावणीत काय मागायचे? पाणी, धूळ, ब्लास्टिंगने घरांना पडणाऱ्या भेगा, नोकरी, हे सगळे मागायचेच. त्याबरोबर लेखी चार उत्तरे घ्यायची. हा कोळसा कुठे जळणार आणि त्याचा धूर किती टन, हे अहवालात लिहा. शेवटचा टन कोणत्या वर्षी निघणार ते लिहा. काळी माती कोणत्या गट क्रमांकावर, किती उंचीचा ढीग करून ठेवणार ते नकाशावर दाखवा, कारण ती मुरूम आणि दगडाखाली गाडली गेली की त्या ढिगाऱ्यावर पुढे बाभळीशिवाय काही येत नाही. आणि खाणबंदीच्या राखीव खात्यात किती जमा आहे ते सांगा. २००९ च्या नियमाने खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख रुपये ठरले होते, नंतर ते ९ लाख झाले. ५०० हेक्टरच्या खाणीला ९ लाखांनी ४५ कोटी होतात. एवढ्यात शेवटचा खड्डा भरणार आहात की त्यात पाणी साचू देणार आहात, आणि पाणी साचू देणार असाल तर त्याच्या कडेची भिंत किती अंशांच्या उतारावर आणून ठेवणार, हे ग्रामसभेच्या ठरावात आकड्यासकट उतरवून घ्या.